आधी कार्ड दाखवा

मनी माझ्या भावाची मुलगी. खरं नाव दुसरंच, पण जरा कुठे खुट्ट झालं की टेबलाखाली शिरायची, म्हणून घरात मनी. तिच्याच शाळेत मी वरच्या वर्गांना गणित शिकवते. त्यामुळे तिचं कौतुक मला जरा जास्तच, आणि लोकांच्या सल्ल्यांचा राग त्याहून जास्त. "दोन धपाटे घाला, सुतासारखी सरळ येईल," असं एक सहकारी म्हणाले, तेव्हापासून मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

तिच्या बाई मात्र वेगळ्या. मनीला स्वमग्नता आहे हे कळल्यावर कपाळाला आठी न घालता त्यांनी वर्गातल्या बेसिनच्या ओट्याखाली गादी टाकली, पुढे जाड पडदा लावला. आवाज असह्य झाला की मनीनं तिथे जाऊन बसायचं. बाईंनी हिरवं कार्ड दाखवलं की बाहेर यायचं. पूर्वी ती भिंतीवर डोकं आपटून रक्त काढायची. आता पडद्याआड गुपचूप बसू लागली. भाऊ बाईंच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता.

मग वर्गातल्या टवाळांना खेळ सापडला. कुठलाही हिरवा कागद दाखवून तिला बाहेर काढायचं आणि कानाशी डबा बडवायचा. बाई संतापल्या. त्यांनी कार्डावर चांदणी चिकटवली, ते स्वतःच्या गळ्यात अडकवलं आणि मनीकडून घोटून घेतलं: फक्त हेच कार्ड. दुसरं कुणीही बोलावलं तर म्हणायचं, "आधी कार्ड दाखवा."

"आता जग बुडालं तरी फसणार नाही पोरगी," बाई म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. ते हसणं आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

आगीच्या सरावाची आम्हाला कधी काळजी वाटली नाही. बाई आदल्या दिवशी तिला चित्रं दाखवून सगळं समजवायच्या, भोंग्याआधीच तिच्या कानांवर हेडफोन चढवायच्या आणि हात धरून मैदानात न्यायच्या. दर सरावाला त्यांचा वर्ग पहिला. मुख्याध्यापक टाळ्या वाजवायचे.

परवा बाई तापानं घरी होत्या. कार्डही त्यांच्याबरोबर घरीच. आणि परवाचा भोंगा सरावाचा नव्हता. जिन्यात काळा धूर होता.

मैदानात मी तिच्या वर्गाची रांग शोधली. मनी नव्हती.

"इथेच असेल हो... सगळी मुलं बरोबरच निघाली होती," बाईंच्या बदली आलेली शिक्षिका रडकुंडीला येऊन म्हणाली. मी परत वर्गाकडे धावले.

वर्गात धूर शिरला होता. पडदा नीट ओढलेला. मी तो वर केला. आत मनी गुडघे पोटाशी घेऊन, कानांवर हात ठेवून बसली होती, अगदी शिकवल्यासारखी.

"मने, आत्या आहे गं! ऊठ, आग लागलीय!"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते. मी दंड धरून ओढलं, तशी तिनं ओट्याखालच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारली. माझ्या पाठीमागे दाराची चौकट तडतडू लागली.

मनीला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर, बाईंनी घोटून घेतलं होतं तसंच, न रडता, न ओरडता ती म्हणाली, "आधी कार्ड दाखवा."