चंद्रभानची पेटी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण नाव न घेता सांगायला बसले तर ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून एकदाच घेते. आमच्या यांचं नाव पंडित. परभणीत स्टेशनच्या बाजूला यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस सोन्यासारखा, पण एकदा काही डोक्यात शिरलं की समोरचं ताट दिसायचं नाही, ताट वाढणारी तर नाहीच नाही. त्र्याण्णव साली यांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला.

तेव्हा आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या खोलीत, एसीत बसलेला जावई. चपला बाहेर काढून, दबक्या पावलानं त्याच्यापुढं जायचं. आमच्या घरात एसी सोडा, धड पंखा नव्हता. तरी हे रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जायचे आणि एकेक भाग घेऊन यायचे, तोही माझ्या नव्या पातळात गुंडाळून. मी म्हणायचे, अहो, ते पातळ मला नेसायला आहे. हे म्हणायचे, धक्का लागंल गं. पातळाला धक्का लागत नसतो असं यांचं मत.

हे सगळं कशासाठी, तर एका कॅसेटसाठी.

माझा धाकटा दीर चंद्रभान आमच्या गावी, झरीला, आईजवळ राहून शेती बघायचा. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना वरची दरड कोसळली आणि तो खाली सापडला. लग्नसुद्धा झालं नव्हतं. बाहेर काढला तेव्हा अंग पाण्यासारखं गार होतं. माझ्या सासूबाई, धुरपताबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, घरातून वाकळ घेऊन धावत आल्या. "गारठलंय माजं लेकरू, आंगावर घाला," म्हणत होत्या. भर वैशाखात. बायकांनी त्यांना धरून मागं ओढलं. ती वाकळ त्याच्या अंगावर काही पडली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी यांनी एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून झरीला नेला होता. चंद्रभानभावजींनी बटण दाबलं आणि त्यात तोंडाला येईल ते बोलले. "माय, ए माय, पिठल्यात मीठ टाकायचं इसरलीस का मुद्दाम गोड खाऊ घालायलीस? वैनी बगा कशी हसायली. मी मळ्यात चाललो. दिवस मावळायला येतो, भाकर झाकून ठिव." मग एक म्हैस ओरडते, मग त्यांचं हसू. संपलं. गेलेल्या माणसाचं एवढंच मागं राहिलं होतं.

आत्याबाई ती कॅसेट लावून लावून ऐकायच्या. ऐकून ऐकून फीत झिजली. दर वर्षी खरखर वाढायची आणि आवाज खाली खाली जायचा. आम्ही झरीला गेलो की हे ओसरीवर बसलेले असायचे आणि आत्याबाई त्यांच्याकडं पाठ करून त्या डब्याला कान लावून बसायच्या. जेवलास का, पोरं कशी हायत, धंदा कसा चाललाय, काही नाही. विचारायच्या ते एकच, "पंडित, ह्याचा आवाज वर येईना का रं?" मला चीड यायची. मेलेल्याचा हेवा करू नये, पण जिता लेक समोर बसलाय हे बाईंना दिसू नये? यांना मात्र कधी राग आला नाही. यांना वाटायचं, आवाज वर आणून दिला की माय आपल्याकडं वळून बघेल. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण मी काय आज ओळखते यांना?

हैदराबादच्या एका ओळखीच्या इंजिनिअरनं यांना सांगितलं होतं, आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला की त्यातली खरखर बाजूला काढता येते. फक्त मशीन तगडं लागतं. साधं मशीन त्या हिशेबात दमून जातं.

म्हणून तगडं मशीन जमवलं. मग आत्याबाईंनी अट घातली. आवाज परक्या खोक्यात राहायचा नाही, भावजींच्या शाळेच्या पेटीत राहायचा. ती पत्र्याची पेटी, पाटी आणि चार पुस्तकं मावतील एवढी. हे मान डोलावून बसले! मी कपाळाला हात लावला. एवढ्याशा पेटीत तो बोर्ड, तो विजेचा सप्लाय, ती आवाज साठवणारी हार्डडिस्क कोंबायची म्हणजे एका खाटेवर सगळं वऱ्हाड झोपवायचं.

कोंबलं. झाकण लावलं, मशीन सुरू केलं, आणि पाऊण तासात कॉम्प्युटरचा पडदा जागच्या जागी गोठला. पेटीला हात लावला तर तव्यासारखी. यांनी मला समजावलं, मधली ती चिप विचार करते तेवढी तापते, आणि हिला तर विचारच लय. वर आमची परभणी, वैशाखातली. भिंतसुद्धा रात्रभर वाफ सोडते.

मग सुरू झाला पेटी गार करायचा उद्योग. जुन्या ॲम्प्लिफायरची ताप ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पाकळ्यांची पट्टी कापून चिपवर बसवली. विद्यापीठाच्या नामांतरावरून बाजार बंद होता त्या दिवशी दुकान उघडायचं नव्हतं, तेव्हा हे दिवसभर छिन्नी घेऊन पेटीला भोकं पाडत बसले. खाली एक छोटा पंखा, बाहेरची हवा आत घेणारा. वर झाकणात दुसरा, तापलेली हवा बाहेर फेकणारा. धाब्याच्या घरात धूर जायला वर भोक ठेवतात, तसं. वायरी अशा बांधल्या की हवेच्या वाटेत एकही आडवी येऊ नये. मी बघत होते. माझ्या संसारात एवढ्या टापटिपीनं यांनी कधी काही लावलं नव्हतं.

मशीन टिकायला लागलं, आणि यांनी कॅसेट आणली. टेपरेकॉर्डरमध्ये घातली, वायर पेटीला जोडली, आणि श्वास धरून बसले. आवाज आत गेला. शेवटचं हसू झालं, आणि पुढच्याच क्षणी रेकॉर्डरनं फीत गिळली. बाहेर काढली तर चिंध्या हातात आल्या. पण हे आनंदात. "आला गं आत, समदा आला."

मी म्हटलं, "आधी एका नव्या कॅसेटवर उतरवून घ्या."

"खरखर कशाला उतरवायची? साफ करतो, मग उतरवतो."

यांच्यापुढं बोलून कोणाचं चाललंय?

भावजींच्या श्राद्धाला आम्ही पेटी घेऊन झरीला गेलो. एसटीत हे पेटी मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून झळ येत होती आणि हे सदऱ्याच्या टोकानं पेटीला वारा घालत होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेकरू हाय का आत?" हे नुसते हसले.

घरी मधल्या खोलीत पेटी मांडली. धाब्याची खोली, जाड मातीच्या भिंती, तीच काय ती गार. यांनी खिडकीला वाळ्याचा पडदा बांधला, त्यावर पाणी मारलं आणि मागून टेबलफॅन लावला. ओला वारा थेट आत जाऊ नये म्हणून पेटी जरा कडेला सरकवली. खोलीत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. आम्ही तिघं बाहेर घामानं निथळत होतो आणि पेटी आत राजासारखी बसली होती.

अर्धं काम परभणीतच झालं होतं. यांनी आत्याबाईंना बोलावलं आणि आवाज सुरू केला.

"माय, ए माय..."

खरखर होती, पण मागं सरलेली. भावजी जणू शेजारच्या खोलीतून बोलत होते. म्हैस ओरडली, हसू झालं. आत्याबाईंनी पेटीला दोन्ही हातांनी कवटाळलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून जवळ येईल का रं?"

"येईल की. दुपारभर चालू ठेवावं लागंल. दिवस मावळायला ऐक, आगदी जवळ येईल."

मग हे आणि मी श्राद्धाचं सामान आणायला बाजारात गेलो. आत्याबाई घरी एकट्या होत्या. पेटीला हात लावायचा नाही, एवढं सांगून यांनी पंखा पुन्हा एकदा बघितला आणि निघाले. वाटेत मोकळेपणी शीळ घालत होते. लग्नानंतर यांची शीळ मी पहिल्यांदा ऐकली.

परत आलो तर दारातच जळका वास. हे हातातली पिशवी टाकून आत धावले. मागोमाग मी. आत्याबाई पेटीशेजारी जमिनीवर शांत झोपल्या होत्या, एक हात पेटीवर ठेवून. आणि पेटीवर, झाकणाच्या पंख्यासकट, चारी बाजूंनी नीट खोचून घातलेली होती वाकळ.

काय झालं ते मला तिथंच उमगलं. यांनी पेटी इतकी छान गार केली होती की आत्याबाईंचा हात लागला तेव्हा पत्रा गार लागला. विहिरीतून काढलेल्या पोरासारखा गार. या वेळी मागं ओढायला कुणी नव्हतं.

यांनी वाकळ उचलली. वाफ अंगावर आली. बटणं दाबली, झाकण उघडलं. सप्लाय जळून काळा झाला होता आणि जाताना हार्डडिस्क घेऊन गेला होता. यांनी ती काढून कानाशी धरली, हलवली, परत धरली. त्या वेळचा यांचा चेहरा मला आजही बघवत नाही. मला रडू फुटलं. यांनी मला खूण केली, वाकळ माझ्या हातात दिली आणि फडताळाकडं बोट दाखवलं. मी घडी करून ती फडताळात ठेवली.

आत्याबाई उठून बसल्या. "झाला का साफ?"

"न्हाई माय," हे म्हणाले. "लाइट कमी-जास्त झाली. जळालं समदं."

"आन् चंद्रभान?"

"त्यो बी गेला."

आत्याबाईंनी उघड्या पेटीकडं पाहिलं. स्वतःच्या तळव्याकडं पाहिलं आणि तो पदराला पुसला. त्यांना काही कळलं की नाही, मला आजवर ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि यांनी तर ती गोष्ट पुन्हा कधी तोंडातून काढली नाही. गावातले येऊन लाइटीला शिव्या देऊन गेले. हे खाली मान घालून हो ला हो म्हणत होते.

संध्याकाळी आत्याबाई ओसरीवर यांच्यासमोर येऊन बसल्या.

"पंडित, तुला तेचं बोलणं पाठ हाय की."

"हाय."

"मग तू म्हन. एकाच कुशीतले तुमी. तुज्या गळ्यात आसंल त्यो थोडा."

मला वाटलं हे नाही म्हणतील. यांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि सुरू केलं. "माय, ए माय, पिठल्यात मीठ टाकायचं इसरलीस का..." तोच सूर, तोच लाडिकपणा, 'माय'वर तोच हेल. इतकी वर्षं यांच्या गळ्यात भावजी होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. "वैनी बगा कशी हसायली. मी मळ्यात..."

आत्याबाईंनी झडप घालून यांच्या तोंडावर हात दाबला.

"बास! तू न्हको म्हनू ते. त्यो गेलेला हाय. तू जिता हायस. तुला तेच्या जागी न्हाई बसवायचं मला. मी काय करायलेय, माज्या जिभंला हाड हाय का?" आणि मग दहा वर्षांनी पहिल्यांदा त्या यांच्याकडं नीट पाहत राहिल्या, कानशिलावर पिकलेल्या केसांकडं, छिन्नीनं सोलवटलेल्या बोटांकडं. "तू तुजं बोल रं. तुज्या आवाजात बोल. काय बी बोल."

हे तोंड उघडायचे आणि मिटायचे. दुसऱ्याचा आवाज वर आणण्यात इतकी वर्षं घालवली होती. मायेपुढं आपलं काय बोलायचं असतं, ते यांना माहीतच राहिलं नव्हतं.

मग अगदी लहान पोरासारखे म्हणाले, "माय, भूक लागलीय."

आत्याबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या, परातीत पीठ घेतलं, आणि तसंच कोरडं पीठ हातात धरून मोठमोठ्यानं रडायला लागल्या.