न दुखणारा गुडघा

तळ्याकाठच्या त्या गावात आजवर कुणाचं नाव झालं ते गोड गळ्यामुळे, नाहीतर हाताच्या चवीमुळे. शिंगबाओ आजीचं नाव मात्र झालं ते तिच्या उजव्या गुडघ्यामुळे.

गावच्या दवाखान्यात शहरातून डॉक्टर मियाओ यायची. तिशीची, बारकी, सदा घाईत असलेली पोर. झिजलेल्या गुडघ्यांवर एक नवं औषध निघालं होतं. सांध्यात सुई द्यायची आणि दर खेपेला तेच ते प्रश्न विचारून दुखणं किती उतरलं ते पाहायचं, असं तिचं काम. पहिल्या दिवशी आजीनं जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला "अतिशय" असं उत्तर दिलं होतं. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"आजी, सपाट जमिनीवर चालताना दुखतं?"

"नाही."

"जिना चढता-उतरताना?"

"नाही."

"रात्री कूस बदलताना?"

"छे."

"संडासला बसता-उठताना?"

"नाही गं बाई! चारचौघांत काय विचारतेस?"

बाकावर बसलेली शेजारीण खुदकन हसली. "विचारू दे की. तेवढंच तिकडचंही नाव होईल तुझं."

"टबातून बाहेर येताना?"

"टब? माझ्या जन्मात मी टब पाहिला नाही. स्टुलावर बसते, सून पाठीवर पाणी घालते. त्यात कसला त्रास?"

डॉक्टर मियाओनं मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला होता की आजीला वाटलं, या पोरीला कुणीतरी सोन्याचं कडं दिलं. "आजी, एवढा उतार कुणालाच पडला नाही. सगळ्यांत तुमचा गुडघा पहिला!"

दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यूफन सुनेनं तीनचाकी दाराशी आणली, सासूला हात देऊन वर बसवलं, मांडीवर शाल टाकली. वाटेत आजी म्हणाली, "म्हणजे आता गनछ्वानच्या कथेला मी गुडघे टेकू शकते."

ज्यूफननं नुसता भोंगा वाजवला, समोर बदकं आली होती.

गनछ्वान म्हणजे आजीचा नवरा. साऱ्या तळ्याकाठी त्याच्यासारखा कथा गाणारा नव्हता. चौकोनी मेजावर मेणबत्त्या लावायच्या, उदबत्ती पेटवायची, एका हाती पोकळ लाकडी मासा वाजवून ताल धरायचा आणि बुद्धाची, बोधिसत्त्वांची, पुण्यवंत लेकीसुनांची चरित्रं गाऊन सांगायची. प्रत्येक चरणाशेवटी बसलेल्या बायका "नमो अमिताभ बुद्ध" असं ध्रुपद धरतात. त्या बायकांत शिंगबाओ पहिली. तो सांगे, ती उचले. लग्नानंतर चाळीस वर्षं त्या दोघांत भांडणं झाली ती घरात. कथेत कधी ताल चुकला नाही. खरी कथा ही अशीच असते. सांगणारा एक असला तरी ती दोघांच्या श्वासावर चालते.

शेवटच्या आजारात त्याचा आवाज गेला. एकदा तिनं त्याला पेज भरवली तेव्हा तो घोगऱ्या स्वरात म्हणाला, "मी गेल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्यासाठी कथा लाव. बुद्धाला बोलावणं आणि निरोप, दोन्ही तू गुडघे टेकून कर. माझ्या गळ्यापेक्षा तुझे गुडघे बरे आहेत अजून."

"माझे गुडघे? अहो, ते तुमच्या गळ्याआधीच गेले!"

"मग दोघंही गेलेलेच बरे," तो हसला, आणि ठसका लागून कितीतरी वेळ खोकत राहिला.

त्या हसण्यावर तिनं शब्द दिला होता. कथेला यजमानीण गुडघे टेकून बुद्धाला आमंत्रण देते, आणि शेवटी तशीच टेकून निरोप देते. मधल्या वेळी ती कुठेही बसली तरी चालतं. ही दोन टेकणीच काय ती तिची. सुनेकडून करवून घेता येतात. पण शब्द सुनेनं दिला नव्हता.

म्हणून तर ती त्या सुया घ्यायला गेली होती. आणि आता गुडघा दुखत नव्हता. तो तिनं अजून वापरून पाहिला नव्हता, एवढंच. सणाचं नवं कापड घडीतच ठेवावं तसा जपून ठेवला होता.

कथेचा दिवस उजाडला. वूशी शहरातून मुलगा आला, टोपलीभर फळं घेऊन. ज्यूफननं पहाटेच तांदळाच्या पिठाचे हिरवे लाडू वाफवले होते. गनछ्वानचा शिष्य शुनहाय कथा सांगणार होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांत मात्र गुरूचीच मिस्कील चमक. दारातून आत येतानाच त्यानं वाकून नमस्कार केला.

"गुरुमाय, आज तुम्ही ध्रुपद धरलंत तर माझं निभलं. नाहीतर माझी गाडी चढणीलाच अडते."

"तुझी गाडी अडते ती पोटामुळे, शुनहाय. लाडू कथेनंतर खा."

बायका हसल्या. डॉक्टर मियाओही आली होती. आजीनंच आमंत्रण दिलं होतं, "तू गुडघा दिलास, तो काय करतो ते बघायला ये" असं म्हणून. ती मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

उदबत्त्या पेटल्या. शुनहायनं सगळ्यांना गप्प करायचा लाकडी ठोकळा मेजावर आपटला, आवाज लावला. आमंत्रणाची वेळ आली. मेजासमोर गवताची गोल गादी ठेवली होती. ज्यूफन स्टूल घेऊन पुढे आली.

"बाजूला ठेव ते," आजी म्हणाली.

तिनं मेजाची कड धरली, डावा गुडघा वाकवला, उजवा वाकवायला घेतला. आणि तो वाकेना.

दुखला असता तर तिनं दात खाऊन सोसलं असतं. सोसायची सवय होती तिला. पण हा अर्ध्यावर जाऊन थांबला, ओसाड घराच्या कुलपासारखा. खुर्चीच्या उंचीपर्यंत तो आला. खाली जागाच उरली नव्हती. तिनं भार टाकला तसं आत काहीतरी करकरलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत आग गेली.

शुनहायनं पाहिलं. आमंत्रणाचा चरण संपला होता; पुढे जायचं तर यजमानीण खाली हवी. त्यानं तोच चरण पुन्हा घेतला. बायका समजल्या. त्यांनी ध्रुपद लांबवलं, "नमो अमिताभ बुद्ध", पुन्हा तेच, पुन्हा तेच, हळू, आणखी हळू. सगळं घर तिच्या एका गुडघ्यासाठी थांबून राहिलं. मुलगा उठला. ज्यूफननं त्याचा हात धरून बसवलं.

आजीनं मेज सोडलं, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, आणि एका कुशीवर कलंडत शेवटी खाली गेली. गादीवर नाही, गादीच्या शेजारी, फरशीवर. कपाळ टेकलं. शुनहायनं पुढचा चरण उचलला.

पूर्वार्ध होईतो ती फरशीवरच बसली. उठता येत नव्हतं. ध्रुपद मात्र तिनं एकदाही चुकवलं नाही.

मध्यंतरात लाडवांची ताटं फिरू लागली. मुलानं आणि ज्यूफननं तिला दोन्ही बाजूंनी उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. डॉक्टर मियाओ मागोमाग आली. तिनं गुडघ्यावर हात ठेवला. तो गरम होता.

"दुखतंय आजी?"

आजी म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं नाही गं बोलले."

"नाही बोललात." मियाओ खोलीत पाहत होती. पलंग इथे, तळमजल्यावर. पलंगाचे पाय विटांवर उंच केलेले. दोरी खांद्याच्या उंचीला, कपडे वाळत घालायला. मोजे घालायची लांब दांडीची पकड. न्हाणीच्या दारातून दिसणारी, मधे भोक पाडलेली खुर्ची, संडासाच्या भांड्यावर ठेवलेली. "हा पलंग इथे कधी आला?"

ज्यूफननं सांगितलं. "मागच्या थंडीत. जिना चढताना रडायच्या. म्हणून खाली आणला. खुर्चीही मीच केली. भाजीचा वाफा मीच बघते, तळ्यावर मीच धुणं धुते. त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही." तिचा आवाज चढला. "चूक केली का मी?"

"नाही हो, वहिनी."

"मग असं का बघताय?"

मियाओ पलंगाच्या कडेवर बसली. तिची घाई कुठेतरी गेली होती. "आजी, मी विचारलं जिना चढताना दुखतं का. तुम्ही नाही म्हणालात."

"दुखत नाही. मी चढतच नाही."

बोलून गेल्यावर आजीला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. "उकिडवी बसत नाही. वाफ्यावर जात नाही. घाटावर जात नाही. रोज संध्याकाळी बुद्धासमोर टेकायची, ते उभ्यानंच करते." ती आठवून आठवून सांगत होती, हरवलेली भांडी कपाटात शोधावीत तशी. "वर तर... वर यांची खोली आहे. यांचा मासा आहे वर. शुनहायनं आज स्वतःचा आणला. मी यांचा विसरले." "वर्षभर मी वर गेले नाही, आणि सगळ्यांना सांगत सुटले, मला बरं आहे."

ज्यूफन भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागली. आजीनं तिला जवळ ओढलं. "तू कशाला रडतेस, वेडे? तू माझं दुखणं उचलून नेलंस. त्याच्याबरोबर माझं घरही गेलं, ते तुला काय ठाऊक? मलाच नव्हतं."

"औषधाचा गुण थोडा असेल," मियाओ हळू म्हणाली. "किती, ते मला आता माहीत नाही. ऑपरेशन करता येतं. नवा सांधा बसवतात. त्यानं जिने चढाल, घाटावर जाल. पण गुडघे टेकणं बहुधा जमणार नाही. ते मी आत्ताच सांगते."

"म्हणजे एक मिळेल तर दुसरं नाही."

"हो."

शुनहाय दारात उभा होता, हातात अर्धा लाडू. त्यानं तो मागे लपवला. "गुरुमाय, निरोपाला ज्यूफनवहिनी टेकतील. तुम्ही खुर्चीत बसा. गुरुजी शेवटची दोन वर्षं बुद्धाला निरोप बसूनच द्यायचे."

"ते आजारी होते."

"आणि तुम्ही?"

आयुष्यात आजीनं स्वतःला 'आजारी' हा शब्द लावला नव्हता. तो दुसऱ्यांसाठी होता. त्यांना पेज भरवायची असते. बाहेर बायका गप्पा मारत होत्या, कपबश्या वाजत होत्या.

मग ती म्हणाली, "शब्द दिला होता मी यांना. एक टेकणं झालं. आडवंतिडवं झालं, पण झालं. दुसरं मी ज्यूफनला देते. टेकशील, पोरी?"

ज्यूफननं मान डोलावली.

"पण निरोपाला ताल यांच्या माशाचाच हवा. तो मीच आणणार."

"मी आणतो ना वरून," दारामागून मुलगा म्हणाला.

"तू बस. मला चढू दे."

जिना अंधारा, अरुंद, लाकडी. ज्यूफन पुढे, मियाओ मागे. आजीनं कठडा धरून डावा पाय वर टाकला, मग उजवा ओढला, आणि तोंडातून आवाज फुटला.

"दुखतंय?" मियाओनं विचारलं.

"दुखतंय."

"किती?"

"अतिशय," आजी म्हणाली. "ते तुझं सगळ्यात शेवटचं असतं ना, तेवढं."

"उतरू या?"

"नाही."

पुढची पायरी. पुन्हा थांबणं. कपाळावर घाम आला. डोळ्यांतूनही पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. वर खोलीत धुळीचा आणि जुन्या उदाचा वास होता. खिडकीतून तळं दिसलं, करडं, दुपारच्या उन्हात पातळ झालेलं. ती खिडकीपाशी उभी राहिली, एवढा वेळ की खालून शुनहायनं ठोकळा आपटून बोलावलं. मासा कोनाड्यात होता. वापरून वापरून पाठीचा रंग उडालेला. जिथे गनछ्वानची काठी पडे तिथे खळगा. तिनं त्याच्यावरची धूळ फडक्याऐवजी तळव्यानंच पुसली.

निरोपाच्या वेळी ज्यूफननं गादीवर गुडघे टेकले. आजी तिच्या शेजारी खुर्चीत बसली, पाय लांब करून, मांडीवर मासा. शुनहायनं आपला मासा बाजूला ठेवला आणि मान लववली. पहिला ठोका तिनं टाकला. दुसरा टाकताना गुडघ्यात कळ आली, पण ठोका जागेवरच पडला. शुनहायनं चरण उचलला, आणि बायकांच्या आधी, नेहमीसारखं, शिंगबाओनं ध्रुपद धरलं.