बिजाईच्या बांधीतला सावा

मी सावा बोलतोय. धानात उगवणारा सावा. धानाच्या पानाच्या बुडाशी एक बारीक पांढरी जीभ असते, माझ्या पानाला ती नाही. लहानपणी आमच्यात फरक एवढाच. बाकी आम्ही जुळ्या भावांसारखे दिसतो. जीभ नसूनही बोलतोय, कारण ज्यांना ती आहे ते इतकी वर्षं तोंड दाबून बसले होते.

वडशापासून आत, जंगलाच्या कडेला बापूरावांचं गाव आहे. त्यांची बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, खालची बांधी, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेली, पाण्याने भरलेली, तिथे माझा जन्म. ही साधी बांधी नव्हे, बिजाईची बांधी. हिच्यातला धान बापूराव विकत नाहीत, बियाणं म्हणून गावाला देतात. त्यांच्या कोठीतून नेलेलं बी उगवलं नाही असं कधी झालं नाही म्हणे. म्हणून लग्नात त्यांना पुढची खुर्ची, आणि हिवाळ्यात गावात नाटक आलं की पडद्यापुढचा नारळ त्यांच्या हाती.

या बांधीला एक नियम होता. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की आत पाय घालायचा नाही. बिजाई म्हणजे गरोदर बाई, तिला तुडवायचं नाही, असं बापूरावांचा बाप सांगून गेला. त्या काळी नियम ठीक होता. रोवणा करणाऱ्या बाया पऱ्ह्याची, म्हणजे कोवळ्या रोपांची, एकेक जुडी निवडून लावायच्या, आमच्यातला एखादा दिसला की तिथेच फेकायच्या. पुढे निवडायला कोणालाच सवड राहिली नाही. निवडणं गेलं, नियम तेवढा राहिला. म्हाताऱ्यांचं असंच असतं. नियमामागचं कारण मरून जातं आणि हे त्याची चप्पल जपत बसतात.

मग दवाई आली. बापूरावांना तर देवच भेटला. पाय न घालता तण मरतं, अजून काय पाहिजे? पाठीवर पंप घ्यायचा, चारी धुऱ्यांवरून फिरायचं, हात लांब करून फवारायचं. काठाचे आमचे भाऊबंद न्हाऊन निघाले आणि जळाले. मधल्यांपर्यंत मात्र वाऱ्यावर आलेले चार थेंब पोचले. त्यातले कच्चे मेले. माझा पणजा मेला नाही. पिवळा पडला, आठवडाभर मान टाकून उभा राहिला आणि पुन्हा हिरवा झाला. त्याचं बी चिखलात पडलं.

पुढच्या वर्षी तीच दवाई, तोच पंप, तेच चार धुरे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माणसं याला अनुभव म्हणतात.

दरवर्षी आमच्यातला कच्चा मरत गेला आणि पक्का उरत गेला. पक्क्याची पोरं अधिक पक्की. शेवटी काठावरच्यांनाही दवाई सोसू लागली. बियाणं निवडण्यात ज्याचा हात कोणी धरत नाही, तो माणूस स्वतःच्या हाताने माझं बियाणं निवडत होता. आम्ही दवाई पचवायला कुठल्या शाळेत शिकलो नाही. बापूरावांनीच आम्हाला घडवलं.

त्याला ठाऊक नव्हतं असं समजू नका. धान चुरताना खळ्यावर माझा दाणा दिसला की म्हातारा इकडेतिकडे पाहून तो चपलेखाली रगडायचा. माझा बाकीचा दाणा बिजाईत मिसळून गावभर जायचा. नाव राहिलं पाहिजे नं.

यंदा माझी पाळी होती. दोन पानांचा होतो तेव्हा पहिली दवाई पडली. अंघोळ झाली, बस. मग बापूरावांनी औषध दुप्पट घातलं. काठाचा धान पिवळा पडला, मी हललो नाही. मग वडशाहून नवा डबा आला. नाव नवं, झाकण नवं, आतलं औषध तेच. बापूरावांच्या नातीने, हर्षाने, डब्यामागचं बारीक अक्षर वाचून त्यांना तसं सांगितलंही. ही पोरगी ब्रह्मपुरीचं कॉलेज अर्ध्यात सोडून घरी आलेली. दवाई बदला, नाहीतर निंदायला आत उतरू द्या, असं रोवण्यापासून ती म्हणत होती. जिला कॉलेज झेपलं नाही तिने धान शिकवू नये, एवढंच उत्तर तिला मिळायचं. गाव तिच्याकडे पाहायचं ते धानातल्या साव्याकडे पाहावं तसं. म्हणून मला ती आवडायची.

पोळा सरला तेव्हा मी धानाच्या डोक्यावर हातभर उभा होतो. वाऱ्यावर लोंबी हलवत होतो. सगळी बांधी माझी होती. तीन फवारण्या खाऊन उभा राहिलेला गडी काय दिमाखात उभा राहतो, ते पाहायला यायला हवं होतं तुम्ही.

पाहायला आलेच. दसऱ्याआधी बिजाई पाहून सांगून ठेवायची इथली रीत आहे. शेजारचा पोचू आला, गावातली वच्छलाबाई आली. धुऱ्यावर उभा राहून पोचू म्हणाला, "बापूरावभाऊ, यंदा धान तं माणसाएवढा झाला नं."

बापूराव हसले. खोटं बोलले नाहीत, फक्त हसले.

मागून हर्षा म्हणाली, "काका, धान खाली हाय. वरतं दिसून राह्यला तो सावा."

वच्छलाबाईने तोंड वाकडं केलं. ही पोरगी कॉलेजात बोलायचंच शिकली वाटते, म्हणाली. बापूरावांनी नातीला घरी जायला सांगितलं.

"जाईन मी घरी," हर्षा म्हणाली. "पयले सांगा आबाजी, ह्या बांधीतली बिजाई देता का पोचूकाकाले?"

म्हातारा धुऱ्यावर ठेवलेल्या पंपाची नळी गुंडाळू लागला. हो म्हणावं तर गाव बुडतं, नाही म्हणावं तर नाव.

हर्षाने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि बांधीत उतरली. बाप्पा! इतक्या वर्षांत उभ्या धानात पहिला पाय. धान मेला नाही, आभाळ कोसळलं नाही. ती सरळ मधोमध माझ्याकडे आली. माझं पान वाकवून बुडाशी जीभ शोधली. नव्हतीच. मग तिने मला खाली धरून ओढलं. तीन फवारण्यांना जे जमलं नाही ते एका मुठीने झालं. मुळं चिखलातून सुटताना मला राग आला नाही. समोरून येऊन मारणारी ती पहिली होती.

तिने मला बापूरावांच्या पायाशी टाकलं. त्यांनी उचललं, लोंबी बोटात फिरवली.

"पोचू," ते म्हणाले, "यंदा माझी बिजाई नेऊ नोको."

पोचूने ती लोंबी जवळून पाहिली. मग हळूच म्हणाला, "मंग माझ्या बांधीत उभं हाय ते कोणाचं, भाऊ?"

"माझंच हाय. मले ठावं होतं."

मग वच्छलाबाईनेच लुगडं खोचलं. "सरक वो पोरी. तोंड चालते तुयं, हात चालते का पाहू दे," म्हणाली आणि आत उतरली. तिच्यामागे पोचू. बापूराव धुऱ्याच्या काठावर एक पाय उचलून उभे राहिले. बापाचा नियम पायात अडकला होता. मग त्यांनी चपला काढल्या आणि तो पाय चिखलात रुतला.

आता मी धुऱ्यावर पडलोय, मुळं उन्हाला. माझ्या दाण्यात अजून दूधच आहे, तो उगवायचा नाही. उद्या गुरांपुढे जाईन. पण एक लक्षात ठेवा, मला कुठल्याही डब्याने मारलं नाही. आणि चिखलात माझं जुनं बी झोपलेलं आहे, ते एका वर्षात सरत नाही. हर्षाला ते माहीत आहे. पुढच्या वर्षी रोवण्याआधी पाणी देऊन ती त्याला उगवू देणार, मग चिखलणीत गाडणार, आणि दवाई बदलायची तर आतली बदलणार, झाकण नव्हे. मघाशी पोचूला तेच समजावत होती. पोचूच्या बांधीत उद्या, वच्छलाबाईच्या परवा, असं सगळ्या गावाने उतरायचं ठरलं आहे.

पोरी, तुलाच एक सांगून जातो. उद्या तूही म्हातारी होशील, तुझाही एखादा नियम होईल. धुऱ्यावर उभी राहून त्या नियमाची राखण करू लागलीस की मी पुन्हा डोक्यावर हातभर उभा असेन. तोवर बांधी तुझी. घे, मी देतोय.

माझ्या शेजारी पंप आडवा पडलाय. त्याच्या शेजारी बापूरावांच्या चपला. म्हातारा अजून बांधीतच आहे.