झुंबरबाईची सायकल

लोणीत कुंडलिकचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीस वर्षांत त्याने एकच वैरी जोडला, तो म्हणजे गंज. गिऱ्हाईक भांडलं तर चहा पाजून गप्प करता येतं. गंजाला काय पाजणार? रॉकेल झालं, ग्रीस झालं, ट्रॅक्टरचं काळं ऑइल झालं. पावसाळा आला की गंज यायचाच.

उन्हाळ्यात माळावरच्या मेंढपाळ वस्तीतली झुंबरबाई सुनेला घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "सगळ्यात स्वस्त कोणती, ती दाखवा." सून सुप्रिया, अंगाने किडकिडीत, पण नजर धीट. तिला गावापलीकडच्या रोपवाटिकेत काम मिळालं होतं. सकाळी आठला हजर राहायचं. वस्तीवरून त्या वेळी ना एसटी, ना जीप. मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तीनदा उशीर चालेल, चौथ्यांदा झाला तर घरी बसायचं. घरची मेंढरं आता बावीसच राहिली होती, त्यामुळे सुनेची मजुरी हाच आधार होता.

कुंडलिकने तीन भंगार सायकली मिळून बनवलेली एक सायकल पुढे केली. माणूस तोंडाचा फटकळ, पण खोटा नाही. म्हणाला, "मावशी, वरनं रंग दिलाय, खालनं गंज हाय. एक पावसाळा काढंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"पावसाचं आमाला नगा सांगू, भाऊ. आमची मेंढरं चार म्हैने उघड्यावर असत्यात. त्यांना कुटं गंज चढतो?"

कुंडलिक खो खो हसला. सायकल आणि मेंढरू एका पंगतीला बसवणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. बेल्ह्याच्या बाजारात एक कोकरू विकून आणलेले पैसे तिने त्याच्या हातावर ठेवले. "आता दुरुस्तीला काय उरलं न्हाई. हिला राखायची ती मीच राखीन," एवढं बोलून ती गेली.

भाद्रपदात एके सकाळी दोघी पुन्हा दारात उभ्या. सुप्रियाचं कोपर सोलवटलेलं, साडीला चिखल, आणि सासूच्या डोळ्यांत अंगार.

"भाऊ, ब्रेक कसलं लावलं? पोरगी मरता मरता वाचली!"

सुप्रिया हळूच म्हणाली, "उताराला दोन्ही ब्रेक दाबले, पन थांबंचना. कांद्याच्या रोपात जाऊन पडले. पंक्चरमुळं दोनदा उशीर झाला व्हता, आज तिसरा. मी न्हाई बसायची आता हिच्यावर. चालत जाईन."

चालत दोन तास लागायचे, आणि घरची कामं आटोपून तेवढ्या लवकर निघणं जमणारं नव्हतं. म्हणजे उद्या चौथा उशीर आणि काम गेलंच, हे तिघांनाही कळत होतं.

कुंडलिकने सायकल उलटी केली. ब्रेकची रबरं अजून चांगली होती. मग त्याने चाकाच्या रिमवरून बोट फिरवलं आणि त्याचा पारा चढला. "रिमला तेल कुनी चोपडलं? अवो, रबरानं धरायचं काय मग? डोकं हाय का न्हाई!"

"तेल न्हाई, भाऊ. खायाला पुरंना, तर सायकलीला कुटलं?" झुंबरबाईने कमरेच्या पिशवीतून मळक्या लोकरीचा पुंजका काढला. "मेंढराच्या काखंतली हाय. मेंढरं धुवायच्या आधीच काढून ठिवते, तवा ती मेंढराच्या अंगच्या मेणानं चिकट असती. रोज सांजंला चुलीपाशी जरा शेकते आन सगळी सायकल पुसते. मेंढराच्या अंगाला कुटं जागा मोकळी असती का? म्हून काल चाकाची कड बी पुसली."

कुंडलिक आणखी काही बोलणार होता, पण त्याची नजर चाकाच्या तारांवर गेली. त्याने मोबाइलची बॅटरी लावली. तारा, हँडल, साखळी, मडगार्डची खालची बाजू, सगळीकडे बघितलं. उन्हाळ्यात त्याने ज्या गंजावर रंग मारला होता तो तेवढाच होता, कणभरही पुढे सरकला नव्हता. तीन महिने ही सायकल चिखलातून गेली होती. आणि त्याच्या दुकानात कोरड्यात टांगलेल्या नव्याकोऱ्या हँडलांवर तांबूस ठिपके उठले होते. या बाईपुढे आपली पंचवीस वर्षं काहीच नाहीत, असं त्याला मनापासून वाटलं.

झुंबरबाईला मात्र भलतंच लागलं होतं. "म्हंजी म्याच पाडलं का पोरीला? माज्याच हातानं?" तिचे डोळे भरून आले.

"मावशी, रडू नगा. चुकलं ते बोटभर, बाकी सगळं देवावानी केलंय." कुंडलिकने रॉकेलच्या फडक्याने दोन्ही रिमा खसखसून पुसल्या, मग कोरड्या केल्या. रबरांवर पॉलिश पेपर मारला. "चाकाची ही कड आन ही चार रबरं, एवढं सोडा. बाकी तुमची लोकर चालू द्या. बस पोरी, दुकानापुढच्या ह्या उतारावरनं खाली जा आन ब्रेक दाबून बघ."

सुप्रियाने नकारार्थी मान हलवली.

झुंबरबाईने डोळे पुसले. ती उतार उतरून खाली गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचून, पाय रोवून. "ये," ती खालून ओरडली. "म्या हितं हुबी हाय."

"आत्या, बाजूला व्हा!"

"न्हाई व्हत. मी राखलेली सायकल हाय ती. ये!"

सुप्रिया बसली. सायकल सुटली, वेग घेत गेली. म्हातारी जागची हलली नाही. मग ब्रेक कर्कश किंचाळले आणि पुढचं चाक झुंबरबाईच्या साडीपासून वीतभर अलीकडे थांबलं. सुप्रिया रडत रडत हसत होती. सासूने तिच्या गालावरचा चिखल पुसला.

"पैसं किती झालं, भाऊ?" वर आल्यावर झुंबरबाईने विचारलं.

"पैसं नगं. ती लोकर ठिवून जा. आजून आसंल तर ती बी आना."

झुंबरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "कातरली की उकिरड्यावर टाकतो आमी. धा वर्सांत कुनी इचारली न्हाई," ती म्हणाली. मग तिने अख्खी पिशवीच त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला कुंडलिक दुकानाच्या पायरीवर बसून एक नवं हँडल लोकरीने पुसत होता. उतारावरून घंटी वाजली. सुप्रिया ब्रेक बघायला वाकली नाही, थांबली नाही, नुसती हसून रोपवाटिकेच्या रस्त्याला लागली.