बावीस पावलांचा बूट

राष्ट्राध्यक्षांचे बूट वर्षातून दोनदा दुरुस्तीला यायचे, एकदा थंडीच्या आधी आणि एकदा नंतर. त्या वर्षी ते तिसऱ्यांदा आले. शिवाय नेहमीचा शिपाई नव्हता आला. खुद्द चिटणीस आले होते, तेही मागच्या गल्लीनं, आणि बूट होते भाजीच्या पिशवीत. मोच्यानं हातातली टाके घालायची आरी खाली ठेवली. सव्वीस वर्षं तो हे बूट शिवत होता, पण असा मान त्याला कधी मिळाला नव्हता.

त्यानं डावा बूट उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि टोकावरून अंगठा फिरवला. टोक सहाणेवर घासल्यासारखं झिजलं होतं. टाच मात्र कोरी करकरीत, त्यानं ठोकून दिली होती तशीच. उजवा बूट नेहमीसारखा होता.

"साहेबांना बागेत ठेच लागली," चिटणीस म्हणाले. बोलताना त्यांची नजर सारखी मनगटावर जायची. टीव्हीवर साहेबांच्या मागे ते असेच दिसायचे, म्हणून गल्लीत त्यांना घड्याळसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

"ठेच एकदा लागते. ही रोज लागतेय," मोची म्हणाला. "पाय कधीपासून ओढतात?"

चिटणिसांनी दुकानाचं दार आतून लावलं. मग स्टुलावर बसले आणि अगदी हळू आवाजात सगळं सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना साहेबांचा डावा हात आणि पाय गेला. हात बराचसा आला होता, बोलणंही सुधारलं होतं. पाय मात्र पुढून लोंबायचा, टोक जमिनीला लागायचं. वर्तमानपत्रांत या सगळ्याला सर्दी म्हटलं जात होतं.

"तीन महिन्यांची सर्दी," मोची म्हणाला. "लोकांना खरी वाटते?"

"वाटायला लावतोय. पण अठरा दिवसांनी सभागृहाचं अधिवेशन सुरू होतंय. दारापासून भाषणाच्या चौथऱ्यापर्यंत बावीस पावलं आहेत. काठी नाही, कुणाचा हात नाही, समोर कॅमेरे. डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा आधार दिलाय, पण तो विजारीखालून दिसतो. आणि साहेब तिथं पडले, तर उद्या देशात काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुमचं काय होईल ते मात्र सांगू शकतो."

"मला घाबरवू नका. घाबरलेल्या हाताला टाका सरळ पडत नाही. बूट होईल."

"नक्की?"

"माझ्या घरात तसला पाय आहे. तीन वर्षं मी त्याच्यासाठी बूट करतोय."

चिटणिसांनी हे नीट ऐकलंच नसावं. त्यांनी बोट वर केलं. "काही लिहून ठेवायचं नाही. माप नाही, नाव नाही. कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही."

"बायकोनं ऐकलं," पडद्यामागून आवाज आला. "तुम्ही पुढचं बोला."

चिटणीस स्टुलावरून पडता पडता वाचले. मोच्याला हसू आवरेना.

पडद्यामागे मोच्याची बायको बसली होती. एक हात चालायचा, त्या हातानं ती कातडी अस्तरावर चिकटवायची. तीन वर्षांपूर्वी तिचीही डावी बाजू गेली होती. त्याआधी दुकानाचं तोंड म्हणजे तीच. गिऱ्हाईक तिच्याशी बोलायला यायचं आणि जाता जाता बूट टाकून जायचं. मोच्यानं तिच्यासाठी खास बूट केला. घोट्याभोवती पट्टा, त्यातून दुसरा जाड पट्टा बाहेरून बुटाच्या टोकापर्यंत, बक्कल लावून ताणलेला, म्हणजे पाऊल उचललं की टोक आपसूक वर येई. तळ टोकाशी गुळगुळीत कातड्याचा. त्या बुटावर ती भिंत न धरता परसातल्या नळापर्यंत जायची. त्यापुढं मात्र गेली नव्हती. "घोड्याला लगाम घातल्यासारखं दिसतं," म्हणायची, आणि विषय संपवायची.

मोची कामाला लागला. राष्ट्राध्यक्षांच्या पायाचा लाकडी साचा फळीवर इतरांच्या साच्यांत पडून होता, त्याच्यावर कसलीच खूण नव्हती. अडचण एकच होती. पट्टा दिसायला नको होता. म्हणून त्यानं तो अस्तर आणि वरचं कातडं यांच्या मधून नेला. पण तिथं जाड पट्टा मावेना, आणि पातळ पट्टा चालून चालून सैल पडे.

"किती पावलं टिकेल?" बायकोनं विचारलं.

"बावीस. फार तर तीस."

"आणि माझा?"

"तुझा गावभर जाईल. तू जात नाहीस, ते वेगळं."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या तुकड्याला खळ लावली.

बाराव्या दिवशी बूट गेला. मोच्यानं चिटणिसांना टोकाचा गुळगुळीत तळ दाखवला, म्हणाला, "याला हात लावू नका." चिटणिसांनी मान डोलावली आणि घड्याळ बघितलं.

अधिवेशनाला दोन दिवस राहिले असताना तेच चिटणीस भरदुपारी पुढच्या दारानं आत आले. पिशवीबिशवी काही नाही, बूट हातात.

"तुमच्या बुटानं साहेबांना पाडलं," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "आतल्या मार्गिकेत, सरावाच्या वेळी. सातव्या पावलाला. कोपर फुटलंय. नशीब, घरचीच माणसं होती."

चाळीस वर्षांत मोच्याच्या बुटानं कुणाला पाडलं नव्हतं. त्यानं बूट घेतला, टाके बघितले, पट्टा ओढून बघितला. सगळं जागच्या जागी. तेवढ्यात पडदा सरकला. बायको भिंत धरून बाहेर आली, तिनं बूट त्याच्या हातातून काढून घेतला आणि टोकावरून अंगठा फिरवला.

"इथं रबर कुणी लावलं? जीव घ्यायचा होता का त्यांचा?"

टोकाला काळ्या रबराची पातळ चकती चिकटवली होती, कडा इतक्या सफाईनं घासलेल्या की मोच्यालाही पहिल्या नजरेत दिसली नाही.

"ती पाय घसरू नये म्हणून," चिटणीस म्हणाले. "आमच्याकडे संगमरवर आहे. पूर्वी एक पाहुणे घसरून पडले होते, तेव्हापासून कातड्याच्या तळाचा कुठलाही नवा बूट आला की साहेबांचा सेवक त्याला रबर लावतो. सगळ्याच बुटांना लावतो."

"आम्ही घसरून पडत नाही हो," मोच्याची बायको म्हणाली. "आम्ही अडकून पडतो. पाय उचलायला जरा कमी पडला, तर टोक जमिनीवरून सरकून पुढं जायला हवं. रबर जमिनीला धरून ठेवतं. वरचं अंग पुढं जातं, पाय मागं राहतो."

"तुमच्या सेवकाला साहेबांचा पाय कसा आहे ते ठाऊक नाही?" मोच्यानं विचारलं.

चिटणिसांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "त्याला सांगितलंय की गुडघा दुखतो."

मोच्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्यामागोमाग त्याला रागही आला. "म्हणजे गुपित तुम्ही इतकं पक्कं ठेवलंत, की रोज त्यांच्या पायात बूट घालणाऱ्यालाच कळू दिलं नाहीत. बिचाऱ्यानं त्याच्या परीनं जिवापाड काळजी घेतली आणि मालकाला तोंडावर पाडलं. उद्या मी स्वतः येतो. बूट मी घालणार, सेवकाला समोर उभं करून दाखवणार."

"ते शक्य नाही."

"मग हा घ्या बूट आणि दुसरा मोची बघा. दोन दिवस आहेत तुमच्याकडे."

चिटणिसांनी घड्याळ बघितलं. मग विचारलं, "गाडी किती वाजता पाठवू?"

"आणि मीही येते," बायको म्हणाली.

मोच्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"तुम्ही बूट शिवता. चालता तुम्ही कुठं तसल्या पायावर? चौथऱ्याशी त्यांना वळावं लागेल. ते कोण शिकवणार, हे?" तिनं हनुवटीनं घड्याळसाहेबांकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, गल्लीत शिरेना म्हणून. तीन वर्षांनी मोच्याची बायको दुकानाच्या पुढच्या दारातून बाहेर पडली. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहिला. ती त्याला म्हणाली, "गिऱ्हाइकाकडे बघ, कान कापशील," आणि पुढं गेली.

राष्ट्राध्यक्ष खिडकीशी खुर्चीत बसले होते, कोपराला पट्टी. टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा लहान वाटले. मोच्यानं सेवकाला जवळ बोलावून बुटाचा तळ दाखवला, त्याच्या देखत रबर खरवडून काढलं. सेवकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कुणी सांगितलं असतं तर," एवढंच तो म्हणाला. राष्ट्राध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिलं, चिटणिसांनी गालिच्याकडे.

मग मोच्याची बायको उभी राहिली. "साहेब, वळताना चांगल्या पायावर भार टाका आणि त्याच्याभोवती फिरा. घाई नको. लोकांना वाटेल तुम्ही रुबाबात वळताय."

त्यांनी करून बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी जमलं.

"तुम्ही कुठवर चालता?" त्यांनी खुर्चीत टेकत विचारलं. शब्द थोडे जड होते, पण कळत होते.

"नळापर्यंत."

"आणि त्यापुढं?"

"त्यापुढं लोक आहेत."

राष्ट्राध्यक्ष हसले. डाव्या बाजूनं ओठ जरा मागं राहिला. "माझंही तेच आहे." मग त्यांची नजर तिच्या बुटावर गेली. "हा पट्टा माझ्या बुटाला का नाही?"

"तो दिसतो, साहेब," चिटणीस म्हणाले.

"तुमच्या बुटातला आतून आहे," मोच्यानं समजावलं. "पातळ आहे, बावीस पावलं जाईल. हिचा बाहेरून आहे. त्यावर तुम्ही ही सगळी बाग फिरून याल."

राष्ट्राध्यक्षांनी खिडकीबाहेर बागेकडे पाहिलं. तीन महिन्यांत ते तिथं गेले नव्हते, हे त्यांच्या बघण्यावरूनच कळत होतं.

अधिवेशनाच्या दिवशी मोच्यानं दुकानातला छोटा टीव्ही लावला. दार उघडलं. राष्ट्राध्यक्ष आत आले. मोची पावलं मोजत होता, बायको त्याचा हात धरून बसली होती. सातवं पाऊल गेलं. चौदावं गेलं. एकोणिसाव्याला टोक जमिनीला लागलं आणि कातड्यावरून अलगद पुढं सरकलं, जसं सरकायला हवं तसंच. बाविसाव्याला ते चौथऱ्याशी पोचले आणि रुबाबात वळले. सभागृह उभं राहिलं.

"जमलं," मोची म्हणाला. "सांगितलं होतं ना, होईल म्हणून."

"परत जाताना दाखवलं नाही," बायको म्हणाली. "कॅमेरा झेंड्याकडे वळवला."

आठवड्यानं चिटणीस आले, खुशीत होते. "असेच सहा जोड हवेत. तीन काळे, तीन तपकिरी. पुढचं वर्ष निभावून नेऊ."

"करणार नाही," मोची म्हणाला.

"काय म्हणालात?"

"वर्षभर बावीस-बावीस पावलं चालून पाय अजून आखडेल. हिच्या पायाचं मी बघितलंय, पहिले सहा महिने ही चाललीच नाही, ते अजून भरून निघालं नाही. हा बूट एका दिवसासाठी होता. चालायचा बूट हवा असेल तर सहा काय, साठ करतो. लपायचा आता एकही नाही. हे साहेबांना सांगा. आणि माझ्याच शब्दांत सांगा, तुमच्या नको."

"तुम्हाला परिणाम ठाऊक आहेत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलेत तुम्ही. माझ्या लक्षात आहेत."

चिटणीस रागानं गेले. मोची आरी घेऊन कामाला बसला. टाका सरळ पडत होता. हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

चार दिवसांनी राष्ट्राध्यक्षांचा सेवक आला, पुढच्या दारानं, दिवसाढवळ्या. बुटांचा खोका उघडाच काखेत होता आणि त्यात घडी घातलेला एक कागद. अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळ चढावर चढत गेलेली, पण वाचता येत होतं: "पट्टा बाहेरून. पुढच्या महिन्यात परदेशी पाहुण्यांना बाग दाखवायची आहे. वर्तमानपत्रवालेही असतील."

"साहेब डावखुरे आहेत, तरी स्वतः लिहिलं," सेवक म्हणाला. "अर्धा तास लागला. चिटणीस साहेब म्हणाले, मी लिहून देतो, तर नको म्हणाले."

मोच्यानं फळीवरून साचा काढला, जाड कातड्याचा तुकडा पसरला आणि रापीनं कड कापायला घेतली. मग थांबला. "तेवढी मोठी बक्कल नाही घरात. चौकातल्या दुकानातून आणावी लागेल. जरा हे संपवतो आणि जातो."

"तुम्ही कापा," बायको म्हणाली. तिनं खाली वाकून स्वतःच्या बुटाचा पट्टा एक भोक घट्ट केला. "तुम्हाला बक्कल निवडता येत नाही. मागच्या वेळी गंजकी आणली होती."

"चौक लांब आहे."

"माहीत आहे मला चौक कुठं आहे," ती म्हणाली आणि बाहेर पडली. न्हाव्याच्या दुकानासमोरून जाताना तिचा आवाज आतपर्यंत आला: "आज काय बघतोस? त्या दिवशीचाच आहे बूट."