सर्वांत खालची नोंद

दातवाल्याला कोणी उत्तर देत नव्हतं, आणि त्याचं कारण आपण नकोसे आहोत हेच, अशी त्याने पक्की समजूत करून घेतली होती. चौपन्नाव्या वर्षी विद्यार्थी झालेल्या माणसाला असली समजूत करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

तो कवळ्या बनवायचा. तीस वर्षं एकाच टेबलाशी. समोर मेण, प्लास्टर आणि कुणाकुणाचे जबडे. ज्यांच्यासाठी दात घडवायचे ती माणसं त्याला कधी दिसत नसत, डॉक्टरांकडून नुसते साचे येत. बायको गेल्यापासून घरी तोंड उघडायचं ते जेवणापुरतंच. त्यात मालकांनी सांगितलं, की दात संगणकावर आखणारं यंत्र वर्षअखेरीला येणार आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र असेल त्याच्याच हाती ते देणार. नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल. मालक तसे भले, हे सांगताना ते छताकडे बघत होते.

म्हणून हा ऑनलाइन अभ्यासक्रम. दर आठवड्याला चर्चेच्या पानावर एक नोंद लिहायची आणि दुसऱ्या दोघांच्या नोंदींना उत्तर द्यायचं, असा नियम. नाव हवं ते घ्या म्हणाले, म्हणून याने ‘दातवाला’ लिहिलं. माणूस नाकासमोर चालणारा. सोमवारी डबा खाऊन झाला, की वर्गातली पहिली नोंद याची. रविवारी पान उघडून वरच्या दोघांना शहाण्यासारखं उत्तर दिलं, की आठवडा संपला. आपल्याला कोणी उत्तर दिलं तर कोपऱ्यातली घंटा लाल होते, हे त्याला ठाऊक होतं. सहा आठवड्यांत ती एकदाही लाल झाली नाही. त्याला वाईट वाटायचं, अगदी पोटातून वाईट वाटायचं, आणि ते सांगायचं कुणाला, हा पुढचा प्रश्न.

सातव्या आठवड्यात घोडं अडलं. शेवटचं काम दोघांनी मिळून करायचं होतं आणि शुक्रवारी पाचच्या आत जोडीदाराचं नाव कळवायचं होतं. वर्गात चोवीस जण होते, पण बुधवारी एकाने अभ्यासक्रम सोडला. तिघांचा गट चालणार नाही, उरेल त्याने पुढच्या वर्षी यावं, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. दातवाल्याने सोमवारीच ‘जोडीदार हवा आहे’ अशी नोंद टाकली होती. सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले. मग त्याने वरच्या तिघांना निरोप पाठवले. तिघांनीही गोड शब्दांत नाही म्हटलं.

शुक्रवारी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, तिलाही श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी बाबांचा चेहरा बघून तिने स्क्रीन दाखवायला लावली आणि दोन मिनिटं पान न्याहाळलं.

“बाबा, तुम्ही सगळ्यांच्या आधी लिहिता. इथे नवीन नोंद वर येते. रविवारपर्यंत तुमची पार तळाला. तिथवर कोण जाणार? तुम्ही तरी जाता का?”

तो जात नव्हता. तिने त्याला ‘जुन्या नोंदी आधी’ हा पर्याय दाबायला सांगितला. पान उलटंपालटं झालं, त्याची नोंद सर्वांत वर आली. तिच्या लगेच खाली ‘कवळीवाली’ नावाच्या कुणाची नोंद होती. मथळा होता, ‘दातवाल्यांना उत्तर’. मागचे आठवडे उघडून पाहिले, तर प्रत्येक आठवड्याची दुसरी नोंद तीच. कवळीवाली उत्तराचं बटण दाबायच्या ऐवजी नव्या नोंदीचं दाबत होती. मग घंटा लाल कशी होणार? लेकीला हसू आलं, पण तिची मीटिंग सुरू होत होती, तिने फोन ठेवला.

दातवाला वाचत बसला. पहिल्या आठवड्यात तिने लिहिलं होतं, साचा आधी पाण्यात भिजवा, मेण चिकटणार नाही. तिसऱ्यात, ज्यांचे दात घडवतो ती माणसं दिसत नाहीत या त्याच्या तक्रारीवर, ‘मी हॉस्पिटलच्या तळघरात काम करते. एकदा लिफ्टमध्ये एक आजोबा नवी कवळी लावून आरशात हसून बघत होते. तुमच्या वाटचंही मीच बघितलं समजा.’ पाचव्यात, ‘बरे आहात ना?’ आणि या आठवड्यात, ‘मी आहे जोडीला. गुरुवारपर्यंत वाट बघते. हो-नाही काहीही कळवा.’ खाली फोन नंबर होता.

सव्वातीन वाजले होते. त्याने फोन लावला, कोण ते सांगितलं आणि एका दमात सगळी हकीकत ऐकवली.

“काल संध्याकाळी एका मुलीने विचारलं,” ती म्हणाली. “मी हो म्हणून बसले. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम टाळताय. माझ्या एकाही नोंदीला कुणी उत्तर दिलं नाही हो.”

“मीसुद्धा दिलं नाही,” तो म्हणाला.

तिने विचारलं, “बाईंना सांगून ती जोडी मोडू का? अजून वेळ आहे.”

त्याला हो म्हणायचं होतं. यंत्र, टेबल, छताकडे बघणारे मालक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “नको,” तो म्हणाला. “मग ती पोर उरेल.”

फोन ठेवल्यावर त्याने बाईंना कळवून टाकलं, की उरलेला विद्यार्थी मी. सोमवारी मालकांना सांगावं लागणार होतं. टेबलावर दोन जबडे डॉक्टरांकडे जाणाऱ्या सोमवारच्या गाडीची वाट बघत पडले होते. त्यांना बाजूला सारून त्याने पहिल्या आठवड्याची कवळीवालीची नोंद उघडली आणि उत्तर लिहिलं. आता या उत्तरांना गुण नव्हते. मग दुसरी, तिसरी. आजोबांबद्दल त्याने लांबलचक लिहिलं, ते कसे हसले, दात वरचे दिसत होते की खालचे, हेही विचारलं. ‘बरे आहात ना?’ला खरं तेच लिहिलं, की नव्हतो.

सातव्या नोंदीपाशी पोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हो-नाही काहीही कळवा, असं तिथे होतं. त्याने ‘हो’ लिहिलं, बटण उत्तराचंच आहे ना हे दोनदा बघितलं, आणि दाबलं.