काकांच्या वितीचं स्टूल

निवृत्त झाल्यावर माणसाकडे घरातली काही किरकोळ पदं उरतात. काकांकडेही होती. घड्याळाला किल्ली देणं, पेपर सगळ्यांच्या आधी उघडणं, दारात कोण आलंय ते खिडकीतून वाकून जाहीर करणं. मग घड्याळ सेलवर चालायला लागलं, काकू पहाटे उठून पेपर वाचून घड्या घालून ठेवायला लागल्या, आणि दाराला काचेचं भिंग बसलं. शेवटी काकांच्या ताब्यात एकच खातं राहिलं: स्वयंपाकघरातली सगळ्यात वरची फळी.

काका उंचच्या उंच. इमारतीतली पोरं त्यांना शिडीकाका म्हणत आणि त्यांना ते आवडत नाही असं काका आवडीनं सांगत. घर घेतलं तेव्हा ही फळी त्यांनीच बसवून घेतली होती. फळी कुठे ठोकायची, असं विचारल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "इथे." जिच्यासाठी फळी होती ती बायको त्यांच्या खांद्याच्याही बरीच खाली संपत होती, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. काकूंच्या आलं होतं, पण लग्न नवीन होतं.

तेव्हापासून घरात एक कामकाज नियमितपणे चालत आलं होतं.

"अहो, साखरेचा डबा काढा."

काका पेपर बाजूला ठेवत, चष्मा काढत, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. "साखर? परवाच तर काढला होता."

"खालची संपली."

"संपली कशी? आपण दोघंच तर आहोत."

"मी लपून खाते. काढा आता."

मग काका हात वर करत, टाचाही न उचलता डबा काढत आणि सुनावणी संपली असं मानून परत खुर्चीत जात. डबा वर ठेवताना पुन्हा तेच, फक्त त्या वेळी 'झाकण नीट लाव' एवढं जास्त. प्लास्टिकचं एक स्टूल होतं, पण ते फरशीवरून सटकायचं. डबे खाली ठेवायला जागा नव्हती. थोडक्यात, काकांचं पद पक्कं होतं.

आणि एका सकाळी चहा पिताना काकू म्हणाल्या, "मी स्टूल करणार आहे."

"आणणार आहेस," काकांनी सुधारलं.

"करणार आहे म्हणाले. लाकडाचं. स्वतः."

कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बाई दर रविवारी हाताच्या हत्यारांनी लाकूडकाम शिकवत. काकूंनी परस्पर नाव घातलं होतं. काका हसले. जरा जास्तच वेळ हसले. मग त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली आणि चहा गार वाटायला लागला.

हत्यारं आणायला दोघं मिळून गेले. दुकानदारानं काकूंच्या डोक्यावरून थेट काकांकडे बघितलं. "बोला साहेब, काय देऊ?"

"एक करवत," काकू म्हणाल्या.

"साहेब, दात बारीक देऊ की मोठे?"

"साहेबांना काय विचारता? ते नुसते उंच आहेत. बारीक द्या. आणि रंधा, गुण्या, दोन पटाश्या आणि धार लावायचा दगड."

गुण्या म्हणजे काटकोन बघायची लोखंडी पट्टी, हे काकांना दुकानात कळलं. पण ते आधीपासूनच माहीत असल्यासारखी त्यांनी मान हलवली. बाहेर पडता पडता म्हणाले, "एखादं मशीन घेतलं असतंस तर? निदान आवाज तरी होतो. काम झाल्यासारखं वाटतं."

"बाई म्हणाल्या, आधी हाताला कळू दे."

त्या दिवसापासून घरात 'बाई म्हणाल्या' सुरू झालं. बाई म्हणाल्या, भोथऱ्या पटाशीनं जास्त लागतं. बाई म्हणाल्या, रेषेवर कापायचं नाही, रेषेला लागून कापायचं, रेष शिल्लक राहिली पाहिजे. इतक्या वर्षांत घरात 'हे म्हणाले' असं एकदाही घडलं नव्हतं, याची काकांनी मनातल्या मनात नोंद घेतली. पटाशीला धार नीट लागली की ती अंगावरची लव अलगद उडवते, असंही बाई म्हणाल्या होत्या. काकूंनी दगडावर पटाशी घासून झाल्यावर काकांच्या हाताकडे विचारपूर्वक बघितलं. काकांनी तो सगळा आठवडा पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

बाल्कनीत कारखाना उभा राहिला. दोन जुन्या खुर्च्यांवर फळी आडवी टाकून काकूंनी करवत लावली. रेष सरळ होती, पण करवतीचं स्वतःचं वेगळं मत होतं. शिवाय प्रत्येक ओढीला फळी उठून बसत होती.

"अहो, इकडे या. बसा."

"कुठे?"

"फळीच्या या टोकावर."

"मी?"

"मग घरात दुसरं जड काय आहे?"

काका पेपर घेऊन फळीवर बसले. फळी गप्प झाली. काका मात्र झाले नाहीत.

"डावीकडे चाललीय."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर मग जाते कशी?"

"तुम्ही हलताय म्हणून."

"मी फक्त श्वास घेतला."

"मग जपून घ्या."

सरावाच्या फळ्या वाकड्या होत होत संपल्या. रंधा एकतर लाकडात रुतायचा, नाहीतर नुसताच वरून घसरायचा. लाकडातल्या रेषांच्या उलट मारला की ते ओरबाडल्यासारखं उठायचं. आणि मग एका दुपारी रंध्यातून लांबलचक, पातळ साल गोल वळत बाहेर आली. काकूंनी ती उजेडात धरली. तिच्यातून पलीकडे बसलेले काका धूसर दिसत होते. "असे बरे दिसता," काकू म्हणाल्या आणि ती साल त्यांनी टाकली नाही, खिडकीत ठेवली.

स्टूल साधंच ठरलं होतं. दोन बाजूंना दोन फळ्या, वर एक, आणि बाजूच्या फळ्यांना खाली जोडणारी आडवी पट्टी. उंची दोन विती. पायरी आपल्या वितीनं दोन असली की पाय अवघडत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.

इथे काकांनी तक्रार केली. "मला नुसतं बसवून ठेवतेस. काहीतरी डोक्याचं काम दे की."

काकू निघायच्या घाईत होत्या. "बरं. मी बाईंकडे जाऊन येते. तोवर दोन्ही फळ्यांवर दोन-दोन विती मोजा आणि गुण्या लावून रेघ मारून ठेवा. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

काकांनी पेन्सिलीला टोक काढलं. पुन्हा एकदा काढलं. मग आपला पंजा फळीवर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला, आणि दोन विती मोजून रेघा मारल्या. अगदी सुबक रेघा. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, हे सांगणं अवघड आहे. चेहरा शांत होता, पण तो तर झोपेतही असतो.

काकू आल्या, त्यांनी रेघांचं कौतुक केलं आणि रेघेला लागून फळ्या कापल्या. मग पट्टीच्या सांध्याला हात घातला. खाच कोरायची, पट्टीचं टोक तिच्यात बसवून बघायचं, बसलं नाही की पटाशीनं तासायचं, पुन्हा बसवायचं. काकू जमिनीवर बसून, फळ्या आडव्या ठेवून, जेवायच्या वेळा विसरून हे करत राहिल्या. शेवटी लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पट्टी आत गेली आणि खाचेत घट्ट बसली.

"अहो, बघा. फट आहे का?"

काकांनी भिंग आणलं, कागदाची कड आणली, सगळ्या बाजूंनी आत घालून बघितली. "कागद जात नाही," त्यांनी पडलेल्या आवाजात सांगितलं.

काकू त्या सांध्यावरून बोट फिरवत बसल्या. गोंद लावून, दोरीनं आवळून, स्टूल रात्रभर आडवं ठेवलं. सकाळी लेक मुद्दाम बघायला आली. काकूंनी दोरी सोडली आणि स्टूल उभं केलं.

लेकीनं स्टुलाकडे बघितलं, मग आईकडे.

"आई," लेक म्हणाली, "हे स्टूल आहे की टेबल?"

काकूंनी पाय उचलला. पाय अर्ध्यावर गेला, गुडघ्यानं साफ नकार दिला, पाय खाली आला.

"बाबा, वीत कोणाची धरलीत?"

"वीत म्हणजे वीत," काका म्हणाले. "तिच्यात कोणाची काय?"

काकूंनी त्यांचा हात ओढला आणि आपला पंजा त्यांच्या पंजाला लावला. काकूंची बोटं जिथे संपली तिथून काकांची बोटं बरीच पुढे चालू राहिली.

"मला विचारलं असतंत तर?"

"मला वाटलं, माझी."

"तुम्हाला नेहमीच वाटतं."

लेकीनं सोपा उपाय सांगितला. "खालून काप ना. करवत आहेच की."

"पट्टी खाली आहे. कापायचं म्हणजे सांधा जाणार." काकूंनी स्टूल जरा जवळ ओढलं. "पहिला जमलेला सांधा आहे तो. त्याला करवत लागणार नाही."

"कलाकृती आहे ती," काका इतक्या जोरात म्हणाले की लेकीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. "ये, हात दे. चढवतो."

काकू चढल्या. वरच्या फळीवरची कित्येक वर्षांची धूळ त्यांनी पहिल्यांदा पाहिली, आणि खाली बघितल्यावर आणखीही काहीतरी. "अहो, वर टाळूवर अगदीच विरळ झालंय हो तुमचं."

पुढचे काही दिवस काकांसाठी बढतीचे गेले. आता डबा हवा असला की त्यांनी येऊन हात द्यायचा, स्टूल धरायचं, वर गेल्यावर लागणाऱ्या वेळाबद्दल बोलायचं, आणि उतरवून घ्यायचं. इतक्या वेळात ते स्वतः डबा काढून परत जाऊन झोपले असते. पण पदाचा विस्तार झाला की कामाला वेळ लागणारच. "साखर? परवाच तर..." हे आता ते खालून वर बघत विचारत, त्यामुळे त्यात नम्रताही आली होती.

काकूंनी सगळी उत्तरं दिली. आणि रविवारी बाईंकडून येताना नवीन फळी आणली.

त्यांनी ती बाल्कनीत टाकली, काकांच्या समोर आपला छोटासा पंजा ताणला, दोन विती मोजल्या आणि रेघ मारली. "बसा," त्या म्हणाल्या.

काका बसले. आपण कशावर बसलोय ते त्यांना नीट कळत होतं. ही फळी कापली गेली की साखर, मैदा, चहापत्ती, सगळं खातं हातचं जाणार. त्यांच्याकडे उपाय होता. करवत रेषेला लागली की जरा हलायचं. एखादी शिंक. एक मोठासा श्वास.

करवत सुरू झाली. पूर्वीसारखी अडखळत नव्हती. लांब, सारख्या ओढीनं चालली होती. खाली भुशाची बारीक रेघ पडत होती. काकू ओठ दाबून, एक डोळा किंचित मिटून खाली बघत होत्या. करवत पेन्सिलीच्या रेघेला लागून, रेघ शिल्लक ठेवत निघाली होती. काकांच्या नाकाशी खरंच शिंक आली. त्यांनी ती नाक दाबून परतवली. पेपर गुडघ्यावरून घसरून पडला, तो त्यांनी उचलला नाही.

तुकडा खाली पडला. काकूंनी गुण्या लावून बघितलं. गुण्या आणि लाकूड यांच्यात उजेड दिसत नव्हता.

"आज हलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"कधी संपलं कळलंच नाही," काका म्हणाले आणि अडवून धरलेला श्वास सोडला.

लहान स्टूल झालं. सांधे याचेही जमले. काकूंनी ते फळीखाली ठेवलं, चढल्या, साखरेचा डबा काढला, उतरल्या. कुणाला हाक नाही, कशाची सुनावणी नाही. काका दारात उभे होते. त्यांचे हात सवयीनं अर्धे वर गेले होते, ते त्यांनी केसांवरून फिरवून, म्हणजे जिथे होते तिथे फिरवून, खाली आणले.

"साखर?" ते म्हणाले. "परवाच तर..."

"मी लपून खाते," काकू म्हणाल्या.

मग घर फारच शांत झालं. काका पेपर वाचत. वाचून झालेला पेपर पुन्हा वाचत. डबा वाजला की मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. एकदा तर त्यांनी स्वतःच जाऊन वरचा डबा काढला, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि परत ठेवला.

एका सकाळी हाक आली, "अहो!"

काका चष्मा न काढताच स्वयंपाकघरात पोचले आणि हात वर केले. तिथे कुणी नव्हतं.

"तिथे नाही. इकडे, बाल्कनीत."

बाल्कनीत खुर्च्या बाजूला सारल्या होत्या. मध्ये ते उंच स्टूल ठाण मांडून उभं होतं आणि त्यावर एक चांगलीच लांब फळी आडवी टाकलेली होती. "बाई बघायला आल्या होत्या काल, तुम्ही फिरायला गेलात तेव्हा," काकू म्हणाल्या. "म्हणाल्या, करवत चालवताना फळी टेकवायचा घोडा इतकाच उंच हवा. मुद्दाम केलात का, असंही विचारत होत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांना विचारून सांगते. केलंत का मुद्दाम?"

काकांनी फळी हातानं हलवून बघितली. "आता काय करणार आहेस?"

"लेकीला कपाट. बरीच कापाकापी आहे. बसा."

काका फळीवर बसले. पाय जमिनीला बरोबर टेकले, गुडघे बरोबर वाकले. ते स्टूल शेवटी त्यांच्याच मापाचं होतं. पेपर या वेळी आतच राहिला होता. "मोजायला घेऊ का काही?"

"तुमची वीत खिशात ठेवा. वजन तेवढं द्या."

काकूंनी रेघेवर करवत टेकवली.

"श्वास घेऊ का?" काकांनी विचारलं.

"घ्या. सोडायचा कधी ते मी सांगते."